बाळाजीचं विलायती यंत्र

बाळाजीने दांडी गरागरा फिरवली. पडद्यामागे खडखडाट झाला आणि आडव्या पडलेल्या नऊ लाकडी बाटल्या डुलत डुलत उभ्या राहिल्या. चेंडूही पन्हळीतून घरंगळत परत आला. चौलच्या जत्रेतली माणसं आ वासून बघत राहिली.

"विलायती यंत्र हाय! तुमी निस्त्या बाटल्या पाडा, उठवायचं काम त्याचं!"

राहीला बाटल्या पाडायच्या नव्हत्या. त्या उठतात कशा ते बघायचं होतं. तिची आई, केसर, पलीकडे बांगड्या भरायला बसली होती. "हितनं हलू नको," असं तिने बजावलं होतं. पुढच्या डावापर्यंत राही खरंच हलली नाही. मग तिला बाटलीच्या डोक्यावरची काळी दोरी दिसली, आणि ती गोणपाटाच्या पडद्याखालून आत सरकली.

आत बाळाजीची बायको सोनाबाई बसली होती. हातात दोऱ्यांचा जुडगा, वर वाशाला कप्प्यांची रांग. बाहेरच्या दांडीला आतून नुसता पत्र्याचा डबा बांधलेला. त्यात खडे.

"कोन गं तू?"

"राही. रेवदंड्याची. मावशी, यंत्र कुठं हाय?"

"ह्ये काय, तुझ्यासमोर बसलंय!" सोनाबाई पोट धरून हसली.

राही मात्र कप्प्यांकडेच बघत होती. शिडाच्या दोरीला असते तशीच कप्पी, पण एकदम नऊ! सगळ्या एका ओढीत फिरायच्या.

"मी वढू?"

"हात सोलतील."

"घरी जाळं वढते मी."

सोनाबाईने आखडलेली बोटं मोडली आणि दोऱ्या तिच्या हातात दिल्या. बाहेर धडाधड बाटल्या पडल्या. राहीने सगळं अंग मागे टाकलं. कप्प्या कुरकुरल्या, नऊच्या नऊ उठल्या. तिला ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात बाहेरून केसरचा घाबरलेला आवाज आला. "अवं, माझी पोर पायलीत काय? हितंच व्हती!"

बाळाजी केसरच्या कानाशी लागला, पोर आत दोऱ्या ओढून बाटल्या उठवतेय म्हणून. पडद्याखाली दिसणारे राहीचे पाय त्याने मघाशीच पाहिले होते.

"आत गेली? थांब, दावते तिला!"

"वयनी, राग पोरीवर नको. बाटल्यांवर काढा." त्याने चेंडू पुढे केला.

केसरने तो रागातच भिरकावला. नऊच्या नऊ आडव्या! क्षणभर ती बघतच राहिली. मग पोरीसारखी खदखदून हसली. राहीने आईला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. ती गोणपाटाच्या भोकाला डोळा लावून बघत बसली, दोऱ्या तशाच हातात.

केसरने पदर खोचला, चेंडू उचलला. बाटल्या अजून आडव्याच.

"राहे, उठव गं लवकर!"

पुढचा एक म्हातारा बाळाजीकडे वळला. "राही कोन रं?"

बाळाजीने दांडी गच्च धरली.

"यंत्राचं नाव हाय."