परशराम अण्णांचा कान

"अण्णा, ही पाचवी," म्हणत शाल्मलीनं चिप खाचेत बसवली आणि लाकडी पेटीचा खटका दाबला.

पेटीतून सूर निघाला. आधी बारीक, मग जाड, मग तीन आवाज एकदम. समोर परशराम अण्णा सतरंजीवर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"तू सांग आधी," ते म्हणाले.

"अस्सल वाटते."

अण्णा थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. "न्हाय. परत लाव."

तिनं परत लावली. या खेपेला जाड सुराच्या शेवटी पत्रा थरथरावा तशी खरखर लागली. मघाशीही ती कानाला खटकली होती, पण तिनं मनावर घेतली नव्हती.

"नकली," ती ओशाळून म्हणाली.

"आत्ता कसं बोललीस!" अण्णा खुशीत हसले आणि आत सुनेकडं बघून ओरडले, "नीलम, च्या टाक गं!"

शाल्मली बेळगावच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. वडील वकील, भाऊ बँकेत. घरात हिचंच खूळ वेगळं. चाळीस वर्षांपूर्वी घरगुती कॉम्प्युटर निघाले होते, टीव्हीला जोडून गेम खेळायचे. त्यांतली आवाजाची चिप काढून ती सिंथेसायझर बनवायची. तसा किरकिरा आणि तरी गोड आवाज आजच्या कुठल्याच यंत्रातून निघत नाही, असं तिचं म्हणणं.

पण अस्सल चिपा आता मिळत नव्हत्या. भंगारात, ऑनलाइन, जिकडंतिकडं वरचं नाव घासून नवं छापलेला माल. वर्षापूर्वी तिनं स्वतःच्या कानावर भरवसा ठेवून पहिलं वाद्य बांधलं होतं. भर कार्यक्रमात, गाण्याच्या मध्यावर ते बेडकासारखं ओरडायला लागलं. लोक हसले. कान आपला नव्हेच, असं तिनं त्या दिवशी मनाशी ठरवलं आणि सोल्डरिंगची सगळी हत्यारं माळ्यावर टाकली.

मग निपाणीत कुणीतरी अण्णांचं नाव सांगितलं. पूर्वी त्यांचं तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं पोरासाठी परदेशातून असला कॉम्प्युटर आणला होता, तो मुका झाल्यावर अण्णांनीच बोलता केला होता. "त्यांच्या कानाला तोड न्हाय," सांगणारा म्हणाला होता. अण्णा आता बोरगावला मुलाकडं असायचे.

तेव्हापासून दर रविवारी बस पकडून ती बोरगावला येत होती. अण्णांच्या चार-दोन सवयी तिला पाठ झाल्या होत्या. बसायची जागा ठरलेली. "हितं बस, खिडकीकडं तोंड करून." बोलायचं सावकाश, गडबड केलेली त्यांना खपत नसे. आणि चिप वाजली की आधी तिनं बोलायचं, मग त्यांनी. लाईट गेली की काम बंद. एकदा पावसाळी दुपारी अंधारून आलं तेव्हा ती म्हणाली होती, "अण्णा, पेटी बॅटरीवर चालते की."

"असू दे. उजेड आला की बघू," ते म्हणाले, आणि तासभर तिला दुकानातल्या गमती सांगत बसले.

तिला ते आवडायचं. जुनी माणसं विद्येला मान देतात, घाई करत नाहीत. तिथून परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसून नकळत गुणगुणत असे.

अकरा चिपांतून चार अस्सल निघाल्या. वाद्य पुरं झालं. निशांत तिच्या कॉलेजातला, त्याचा वाद्यवृंद होता. त्यानं पुन्हा बोलावलं.

"यंदा बेडूक नको हं," तो म्हणाला.

"यंदा कान माझा नाहीये," शाल्मली म्हणाली.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. नीलम सासऱ्यांना घेऊन आली, दोघं पहिल्या रांगेत बसली. अण्णांनी नवा पटका बांधला होता. शाल्मलीनं बारीक सुरानं सुरुवात केली. मग जाड सूर लागला, भरदार, स्वच्छ, आणि सभागृह गप्प झालं. पंचवीस मिनिटं ती वाजवत होती. मध्येच तिनं खाली पाहिलं, तर अण्णा तिच्याकडं टक लावून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिच्याहून जास्त आनंद होता.

टाळ्या थांबेनात. तिनं माईक हातात घेतला. "या वाद्याचा कान माझा नाही. तो परशराम अण्णांचा आहे. मी ऐकलेलं त्यांनी दरवेळी तपासलं, म्हणून हे उभं राहिलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. नीलमनं कोपर लावल्यावर अण्णा उठले आणि त्यांनी चहूकडं हात जोडले.

गर्दी पांगल्यावर शाल्मली खाली उतरली. अण्णा दाराकडं निघाले होते. ती घाईनं मागून गेली.

"अण्णा! कसं वाजलं?"

ते चालत राहिले.

"अण्णा, कसं वाजलं, सांगा ना!"

नीलम थांबली. तिनं शाल्मलीकडं नवलानं पाहिलं.

"ताई, मागनं हाक मारून काय उपेग? म्होरं जावा त्यांच्या," ती म्हणाली. "नऊ वर्सं झाली, कानाशी ढोल बडवला तरी मामास्नी ऐकू येत न्हाय. समोरच्याचं तोंड वाचत्यात त्ये. व्हट बी, आन् मनात काय खटकलं त्ये बी."