बोटभर देव

रिफायनरीतून रिटायर होऊन घरी बसल्यापासून बळवंतरावांना देवघरातल्या बोटभर बाळकृष्णाचा हेवा वाटायला लागला होता. त्यांच्याशी बायकोचं बोलणं म्हणजे भाजी काय करू, एवढंच. आणि तो पितळेचा ठोकळा साधं हूं म्हणत नसताना त्याच्यापुढे मंदा तासभर कुजबुजत बसायची. वर त्याच्यासाठी खंडेराव मार्केटातून फुलं आणायची ती यांनीच.

आज त्यांना राहवलं नाही. फुलांचा पुडा तिच्यापुढे आपटत ते म्हणाले, "एवढं काय सांगतेस त्याला? नवऱ्यावर भरवसा नाही वाटतं?"

मंदाने पुडा सोडून फुलं तबकात काढली.

"काखेतल्या गाठीचं आधी तुम्हालाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."