अर्धी पोळी

"सिलिॲकच्या तपासणीतला आकडा दुप्पट झालाय," डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट योगिनीपुढे सरकवला. "घरात गहू येतो?"

"नाही मॅडम. दोन वर्षं झाली. तवा वेगळा, डबे वेगळे. ज्वारीसुद्धा घरघंटीवरच दळते मी."

शेजारच्या खुर्चीत निकिता बसली होती. अकरा वर्षांची, पण कुणीही आठाचीच म्हणेल.

"शाळेत काही खातेस का, बेटा?"

निकिताने आईकडे पाहायचं टाळलं. "अर्धी पोळी. पायलच्या डब्यातली. रोज."

योगिनीला आधी कळलंच नाही. मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"आजी काकाकडे राहायला गेली तेव्हापासून. पहिल्यांदा नखाएवढा तुकडा खायचे. तेव्हा पोट खूप दुखायचं. मग पाव पोळी खायला लागले. आता दुखतच नाही." हे सांगताना ती जरा ताठ बसली. "आजी म्हणायची, घास घास खाल्लं की अंगाला सवय होते. मला झाली सवय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सवय नाही झाली, निकिता. दुखायचं थांबलंय, एवढंच. आतडं आतून खराब होतच राहिलंय, म्हणून तुझी उंची वाढत नाही. या आजारात अंगाला गव्हाची सवय होत नसते."

"थोडे दिवस अजून खाल्लं तर?"

"कितीही दिवस खाल्लं तरी."

"मला गहू चालला असता तर आजी परत आली असती," ती म्हणाली. ते कुणाला उद्देशून नव्हतं.

गेल्या दिवाळीत आजीने तिला तळलेली कुरडई दिली होती. गव्हाचीच. पोरीने रात्रभर उलट्या केल्या आणि सकाळी योगिनी सासूला नको नको ते बोलली. चिमणाबाईंनी पिशवी भरली, सीबीएस बसस्थानकावर जाऊन देवळ्याची एस.टी. धरली आणि थोरल्या मुलाकडे गेल्या. दहा महिने झाले. इकडून कुणी आणायला गेलं नाही.

दुर्बिणीच्या तपासणीची तारीख घेऊन दोघी बाहेर आल्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर योगिनी थांबली आणि तिने फोन लावला.

"कोण, योगिनी?" पलीकडून चिमणाबाईंचा घाबरा आवाज आला. "पोर बरी हाय ना?"

"आई," योगिनी म्हणाली. ती पुढे काही सांगायच्या आत चिमणाबाईच बोलू लागल्या.

"मी मुद्दामच फोन करत नाय बाई. माझा आवाज ऐकला की ती रडंल, म्हणंल आजी ये. आन मी आले की पुन्यांदा माझ्या हातून काहीतरी चुकंल. लय इचार केला मी. लांब राहिलेलीच बरी." मग त्यांनी विचारलं, "आता पोट दुखत नाय ना तिचं?"

निकिता फोनसाठी हात पुढे करून उभी होती.

"नाही दुखत," योगिनी म्हणाली.

"मंग झालं तर," चिमणाबाई म्हणाल्या. "मी हितंच राहते."