पुजलेलं हत्यार

शेवंताक्कानं बोथट झालेलं ड्रिल मशीनमधून काढलं आणि उबदार तेलाच्या ट्रेत अलगद निजवलं. दुपारपर्यंत पडून राहिलं, की त्याची झिजलेली धार आपोआप भरून येणार होती. पूर्वी पोलादाला भोकं पाडून ड्रिल आठवडाभरात भंगारात जायचं. या नव्या धातूचं वर्षानुवर्षं टिकत होतं. तिनं ट्रेतलं दुसरं, ताजंतवानं ड्रिल लावलं. मशीन थांबायचं कारणच उरलं नव्हतं. तिचा उजवा खांदा मात्र गणपतीपासून ठणकत होता.

आज खंडेनवमी. दरवर्षी हत्यारं पुजून कारखाना बंद राहायचा. यंदा मगदूम साहेबांनी सुट्टीच रद्द केली.

"हत्यारांना विसावा मिळावा म्हणूनच हा सण ना, अक्का? आता ती रोजच विसावतात. मग मशीन बंद कशाला ठेवायचं?" एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले.

शेवंताक्कानं घरून आणलेली हळदकुंकवाची डबी उघडली. ट्रेतली ड्रिलं तेलात निवांत पहुडली होती. तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग मशीन बंद केलं, आपल्याच उजव्या हाताला हळदकुंकू लावलं आणि डबी शेजारच्या मशीनवरच्या बाईला दिली. तिथून डबी हातोहात पुढे सरकत गेली. एकेक मशीन थांबत अख्खी शेड शांत झाली, तसे साहेब धावत बाहेर आले.

"अक्का, काम का थांबलं?"

तिनं कुंकू लावलेला हात मांडीवर नीट ठेवला.

"पुजलेलं हत्यार आज चालवत न्हाईत, साहेब."