मोतीबिंदू माझाच

डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट तपासायला खोटे रुग्ण हवे होते. खोटी नावं-नंबर बनवून देणारी कुठली सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅम, घ्यावा, यावर कंपनीतल्या खांबेटेसरांनी महिनाभर मीटिंगा घेतल्या. एकीची नावं विलायती, दुसरीची फिल्मी. शेवटी 'अगदी खरी वाटणारी' फिल्मी जिंकली. प्रत्यक्ष तपासणीला मात्र एकच दुपार उरली, आणि ती त्यांच्या हाताखालच्या शाल्मलीच्या गळ्यात पडली.

"सर, वेबसाइटवरून रुग्णांना जाणारे मेसेज बंद केलेत ना?" तिने विचारलं.

"अगं, खोट्या माणसांना कसले मेसेज जातात!" सर हसले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. त्या खोट्या नंबरांतला एक खरा निघाला होता. मोफत शस्त्रक्रियेचा मेसेज दाखवत एक म्हातारबाबा सकाळपासून उपाशी बसले होते.  शाल्मली धावतच गेली.

"बाबा, चूक झाली आमची. यात नावसुद्धा विक्रांत खुराना आहे."

"असंल," बाबा शांतपणे म्हणाले. "नाव त्याचं असंल पोरी, मोतीबिंदू माझाच हाय."

डॉक्टरांनी डोळे तपासले आणि बाबांना शस्त्रक्रियेला आत घेतलं. शाल्मलीला रडावं की हसावं कळेना.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये खांबेटेसरांची छाती फुगली होती. "सांगत होतो ना? लायब्ररी निवडावी तर अशी!"