आतून कडी

त्र्याण्णव साली शिरपुरात नवं घर बांधताना झुलालआबा एकाच गोष्टीवर अडून बसले: न्हाणीघरात टब हवा. लकव्यानं बायकोचा, पार्वताबाईचा, एक हात आणि पाय लुळा पडल्यापासून तेच तिला रोज अंघोळ घालत. टबातल्या ऊन पाण्यात तिला बरं वाटेल, असं त्यांचं म्हणणं.

"आबा, टबमा माय एकली कशी उतरी?" मुलगा म्हणाला. "त्यापेक्षा शावर लावू. उंबरा नको, आणि भिंतीला धरायला दांडी."

"तिले एकलीले कसाले उतरनं पडी? मी शे ना!" आपण असताना तिला एकटीनं का उतरावं लागेल, हेच आबांना कळेना.

खाटेवरून पार्वताबाई मुलाला म्हणाली, "शावरच लाव, भाऊ. मी एकलीच आंग धोसू."

आबांना ते लागलं, पण शावर बसला. पहिल्या दिवशी पार्वताबाईनं आतून कडी लावून घेतली. ती पडेल या धास्तीनं आबा दाराला कान लावून उभे राहिले. आत पाणी पडत होतं आणि ती गाणं गुणगुणत होती. आबा अंघोळ घालायचे तेव्हा ती डोळे घट्ट मिटून गप्प बसायची. तिला सुख वाटतंय, असंच ते समजत आले होते.

पावलं न वाजवता ते अंगणात निघून गेले.