हिरव्या रंगाची वाट

आमचं मालक शेतातल्या विहिरीत बुडून गेलं, तवापासून तिचं पाणी कुणी भरत न्हाई. म्हणूनच पाण्याची तपासणी करायला आलेल्या पुण्याच्या साहेबानं तिच्यात हिरवा रंग ओतला. आमच्या कान्हे गावात, बांधाला लागून कारखाना झालाय. त्याचं घाण पाणी जमिनीखालून कुटं जाईल, ते साहेबाला बघायचं व्हतं.

"कॉम्प्युटरनं हिशेब केलाय, बाई," साहेब म्हणाला. "रंग उताराला जाणार, इंद्रायणीकडे."

नदीकडं रंग गेलाच न्हाई. आमची विहीर निवळली, आन रंग निघाला वर टेकाडावर, तिथं ऱ्हाणाऱ्या हिरी नावाच्या बाईच्या विहिरीत.

"पाणी चढाला जात नाही हो," साहेब सारखा म्हणत व्हता.

मालक सांजचं तीच वाट चढायचं, हिरीला पाणी ओढून द्यायचं. माझ्यासाठी त्यांनी कधी एक पोहरा ओढला न्हाई. मेल्यावर तरी घरी ऱ्हातील, असं वाटलं व्हतं.

भर दुपारी मी टेकाड चढले. हिरी घागर घेऊन विहिरीपाशी उभी व्हती.

"हे पाणी पिऊ नगं, हिरे. साहेबानं सांगितलंय."

"लय ग्वाड लागतंय, झुंबरबाई."

तिनं पोहरा आत सोडला आन दोर हातातनं टाकून दिला. दोर सैल पडला. मग ताठ झाला. रहाट कुरकुरत फिरायला लागला, पोहरा वर यायला लागला.

हिरीनं दोराला हात लावला न्हाई. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, खाली बघून हसली आन घागर पुढं धरली.